गव्हाचा इटाय

सिकलसेलच निघणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आमच्याकडे बाईचं रक्त वर्ष-दोन वर्षं भरून येत नसलं की पहिला संशय त्याचाच. आशाताईंनी रक्त नेलं, सिकलसेलची सोल्युबिलिटी तपासणी निगेटिव्ह. पुन्हा नेलं, पुन्हा निगेटिव्ह. तिसऱ्या वेळी त्याच कंटाळून म्हणाल्या, "मॅडम, तुमचं काही समजूनच नाई राहिलं." सिकलसेल निघाला असता तर निदान गावाला नाव तरी माहीत असतं, असं तेव्हा मला वाटायचं. (ज्यांच्या घरात तो आहे त्यांनी माफ करा, तो आजार काय असतो ते आमच्या गल्लीत रोज दिसतं.) मला जे निघालं त्याचं नाव सिलिअॅक. सासूबाईंना ते अजून घेता येत नाही. कोणी विचारलं की त्या सांगतात, "तिले गव्हाचा इटाय हाय." या नावाची गोष्ट पुढे येते.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, धानाच्या पट्ट्यातलं. तिथे जेवण म्हणजे भात. सकाळी शिळ्या भाताला फोडणी, दुपारी भात-वरण, रात्री भात आणि तळ्यातली मासळी मिळाली तर मासळी. पोळ्या लाटायच्या त्या पाहुणे आले की. २०१४ साली लग्न होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आले. इकडे वावरात कापूस, तूर, सोयाबीन आणि ताटात दोन्ही वेळा पोळी. भात असतो, पण शेवटी, वाटीभर. पहिला महिना मला फार भारी वाटलं. रोज पोळी! मायला फोनवर सांगताना आवाज आपोआप चढायचा.

सहा महिन्यांत त्रास सुरू झाला. जेवून उठले की पोट टम्म. दिवसातून चार-पाच वेळा पातळ. महिन्यातून एकदा तरी तोंड आलेलं. पिंढऱ्या इतक्या दुखायच्या की रात्री लुगड्याच्या पट्टीनं बांधून झोपायची. २०१६ साली लेक झाली, त्यानंतर दोनदा गर्भ पडला. एचबी कधी ७, कधी ६.८. लाल गोळ्या खाल्ल्या, लोहाच्या सलाइनी लावल्या, एकदा दोन बाटल्या रक्तही चढवलं. चढवलं की दोन महिने बरं, मग पुन्हा तेच. मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. लोकांचे दाखले काढताना मधेच उठून पळावं लागायचं, आणि रांगेतली माणसं एकमेकांकडे पाहायची.

यात एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. माहेरी गेले की मी बरी व्हायची. दिवाळीला गेले की आठ-दहा दिवसांत पोट शांत. बाळंतपणाला चार महिने राहिले तेव्हा तर गाल भरले, नखं सरळ झाली. सासरी आले की महिन्याभरात पुन्हा खाटेवर. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "माहेरी टुनटुनीत अन् इथं आली का पोट दुखते. कामाचं दुखनं हाय ते." तिकडे माय म्हणायची, पोरीला सासरचं पाणी मानवलं नाही.

आज विचार केला की हसू येतं. दोघींचं पाहणं अगदी बरोबर होतं. माय पाण्याला दोष देत होती, सासू माझ्या अंगचोरपणाला, आणि पोळीकडे कोणीच पाहत नव्हतं. मीही नाही. एका दिवाळीनंतर परतताना मला बसमध्येच वाटून गेलं होतं की सासूबाई म्हणतात ते खरंच असेल, माझ्या मनातच काहीतरी खोट असेल. ते वाटणं पोटदुखीपेक्षा वाईट होतं.

२०२२ च्या फेब्रुवारीत यवतमाळच्या एका डॉक्टरांनी जुने सगळे कागद पाहिले, ते बाजूला ठेवले आणि विचारलं, "माहेर कुठलं? तिथे काय जेवता?" मला वाटलं, गप्पा मारून राहिले. मी उत्साहानं भात, मासळी, लाखोळीच्या डाळीचे वडे वगैरे सांगत बसले. ते म्हणाले, "आणि पोळी?" मी म्हटलं, "पोळी कुठली जी तिकडे." त्यांनी लगेच चिठ्ठीवर टीटीजी-आयजीए लिहिलं. रक्ताचीच तपासणी, सिलिअॅकसाठीची, पण याआधी कोणी लिहिली नव्हती. आकडा मर्यादेच्या कितीतरी पट वर आला. मग नागपूरला दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे काढले. तोवर पोळी बंद करायची नाही, अशी सक्त ताकीद होती. गहू आधीच सोडला तर रक्तातला आकडा उतरतो, आतडं भरून यायला लागतं आणि तपासणीत काही सापडत नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण माझं ऐकून गावातल्या दोघींनी डॉक्टरांकडे जायच्या आधीच गहू सोडला. आता त्यांचं निदान होता होत नाही.

बायोप्सीचा रिपोर्ट फोनवर आला तेव्हा मी जेवत होते. ताटात अर्धी पोळी उरली होती. ती मी खाल्ली. सात वर्षं खाल्ली होती, त्यात अर्धीनं काय भर पडणार होती? शिवाय भरल्या वांग्याची भाजी होती.

डॉक्टरांनी आतला फोटो दाखवून समजावलं होतं, पण मला तो समजला माझ्या पद्धतीनं. चांगलं आतडं आतून उभ्या पिकाच्या वावरासारखं असतं. बारीक बारीक ताटं दाटीनं उभी असतात आणि अन्नातलं सगळं तीच ओढून घेतात. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. माझं शरीर त्याला शत्रू समजतं आणि त्याच्याशी लढता लढता स्वतःचंच पीक कापून टाकतं. माझ्या फोटोत धसकटंही नव्हती, वखरलेलं वावर होतं नुसतं. लोह शोषलं जातं ते नेमकं आतड्याच्या याच पहिल्या तुकड्यात. म्हणजे सात वर्षं मी लाल गोळ्या खात होते त्या खडकावर पेरल्यासारख्या. गर्भ पडण्याचं प्रमाणही उपचार न झालेल्या सिलिअॅकमध्ये जास्त असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर मी पुढे काही विचारलं नाही.

औषध? गोळी नाही, इंजेक्शन नाही. ग्लूटेन बंद, आणि तेही जन्मभर.

हे पहिल्यांदा लक्षात कसं आलं, ते नंतर वाचलं तेव्हा मला माहेरच आठवलं. नेदरलँड्समध्ये विलेम-कारेल डिके नावाचे लहान मुलांचे डॉक्टर होते. गव्हाबद्दल त्यांना आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांच्या ताब्यात असताना, तिथे भयंकर उपासमार झाली. पाव मिळेना, लोकांनी ट्युलिपचे कंद उकडून खाल्ले. लोक वाळत होते तेव्हा सिलिअॅकची पोरं मात्र सुधारली. पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. डिकेंनी गव्हाच्या या त्रासावर १९५० साली प्रबंध लिहिला. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांना बहात्तरचा दुष्काळ आठवतो, मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी आठवतात. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हनजे तुहा दुष्काय माहेरीच होता."

आता इटायाची गोष्ट. पोळी बंद झाली, ज्वारीची भाकर सुरू झाली, एवढं घरात सगळ्यांना कळलं. त्यापुढचं कळेना. ज्या कोपरात (परातीला इकडे कोपर म्हणतात) कणीक मळली त्यातच, नुसतं पुसून, माझ्या भाकरीचं पीठ. तोच तवा, तोच पोळपाट. पोळीला लावलेलं सुकं पीठ ओट्यावर उडालेलं आणि त्यावर माझी भाकर थापलेली. मी सांगायची की कणभरही चालत नाही. हे म्हणायचे, "अगं, पुसलं ना." डॉक्टरांनी दिलेला छापील कागद मी भिंतीवर चिकटवला, कोणी वाचला नाही. एक दिवस मी रडकुंडीला येऊन सासूबाईंना म्हटलं, "आई, गहू ज्याला लागला ते मला चालत नाही. भांडं असो, हात असो, फडकं असो. धुतल्याशिवाय चालतच नाही."

त्या भाकर थापता थापता थांबल्या. "म्हनजे गव्हाचा इटाय."

माझ्या माहेरच्या झाडीबोलीत ळ चा र होतो, इकडे वऱ्हाडीत य होतो, म्हणून विटाळाचा इटाय. हा शब्द मला मुळीच आवडत नाही. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं महिन्याचे चार दिवस मी याच शब्दामुळे मागच्या खोलीत बसले आहे. पाण्याच्या गुंडाला हात लावायचा नाही, लोणच्याच्या बरणीवर सावलीही पाडायची नाही. आणि गावात या शब्दानं कोणाला कोणत्या विहिरीवरून हाकललं ते सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. मी लगेच म्हणणार होते, आई, असं म्हणू नका. पण त्यांनी तोवर हात धुतले होते, कोपर घासायला टाकलं होतं आणि थापलेली भाकर गाईला काढून ठेवली होती.

छापील कागदानं जे महिनाभरात झालं नाही ते त्या शब्दानं पाच मिनिटांत झालं. कोणता हात कशाला लागला, कोणतं भांडं कुठे पालथं घालायचं, आधी काय आणि नंतर काय, याचं शिक्षण त्यांना पाच वर्षांच्या असल्यापासून मिळालेलं. ते सगळं त्यांनी गव्हाला लावलं. माझ्या तव्याच्या कड्याला लाल दोरा. माझं कोपर वरच्या फळीवर, कारण पीठ खाली बसतं, वर चढत नाही, हे त्यांचंच निरीक्षण. आधी माझी भाकर, मग घरच्यांच्या पोळ्या. पाहुण्या बाईनं पोळीच्या हातानं माझ्या बरणीतलं लोणचं काढलं तर ती बरणी त्या दिवसापासून घरच्यांची. मागची खोली आता गव्हाच्या कोठीची झाली आहे. सध्या तिथे गहू बसतो.

तरी मी पुरती बरी होईना. पहिले दोन महिने झकास गेले, मग पुन्हा पोट फुगायला लागलं. सहा महिन्यांनी टीटीजी केली, आकडा थोडाच उतरलेला. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "चोरून काही खाता का?" मला इतका राग आला. घरी येऊन मी स्वयंपाकघरातला एकेक डबा खाली काढला. ज्वारी घरी निवडलेली. तांदूळ माहेरचा. डाळी, तिखट, हळद, सगळं घरचं. शेवटी हाती आली हिंगाची डबी. अक्षरं इतकी बारीक की फोननं फोटो काढून मोठा करून वाचली. खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ आणि तिसऱ्या नंबरवर हिंग.

निव्वळ हिंग फार उग्र असतो, म्हणून तो पिठात आणि डिंकात मिसळून बांधलेला विकतात. हे बनवणाऱ्यांनी लपवलेलं नव्हतं, डबीवर छापलेलंच होतं. हिंगाचीही कोणी चिठ्ठी वाचतं का, म्हणून मीच वाचलं नव्हतं. पण खरी गंमत पुढे आहे. मी सासूबाईंना विचारलं, वरणात किती टाकता? त्या म्हणाल्या, "पयले चिमूटभर टाको. तुह्या पोटाचं असं झालं तवापासून जरा जास्तच टाकून रायली. पोटाले चांगला असते ना."

म्हणजे माझं पोट दुखलं की हिंग वाढत होता, आणि हिंग वाढला की पोट. दोन्ही वेळा, मायेनं.

त्या काही बोलल्या नाहीत. डबी घेऊन मागच्या दारानं गेल्या आणि उकिरड्यावर रिकामी केली. परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "परवाच आनली होती." आता आमच्या वरणाला लसूण-जिऱ्याची फोडणी असते. त्यानंतरच्या तपासणीत आकडा निम्म्यानं खाली आला आणि वर्षभरात एचबी ११ च्या पुढे गेलं, एकही सलाइन न लावता.

बाहेरचे लोक विचारतात, थोडकसं खाल्ल्यानं काय होते? पाकिटावर ग्लूटेन-फ्री छापायचं तर आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमानं किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लूटेन चालतं. एका किलोत दहा लाख मिलिग्रॅम असतात, त्यातले वीस. पोळीचा तुकडा फार लांब राहिला, चिमटीला चिकटलेलं पीठसुद्धा यापुढे पुष्कळ होतं. हे मी सांगते, लोक मान डोलावतात आणि म्हणतात, "मग खपली खा, देशी गहू बाधत नाही." खपली काय, बन्सी काय, गहू तो गहूच. कोणी म्हणतं सातू पी, थंड असतो. आमच्याकडचा सातू गहू भाजूनच करतात. दुसऱ्या टोकाला असेही आहेत जे मला पाहून सांगतात की गहू सगळ्यांनाच विष आहे. तसं काही नाही. ज्याला सोसतो त्यानं खुशाल खावा. माझी लेक माझ्यासमोर बसून तुपाची पोळी खाते आणि मला बरं वाटतं. तिची तपासणी केली आहे, निगेटिव्ह आहे. पण आई-बाप, भावंडं, लेकरं यांना हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून तिची पुन्हा करावी लागेल.

लग्नाच्या पंगतीत मी आता डबा नेते. सुरुवातीला लाज वाटायची. महालक्ष्म्यांच्या जेवणात पुरणपोळीला हात लावत नाही, पण आंबील ज्वारीचीच असते, ती दोन वाट्या पिते. फक्त पातेल्यातला डाव दुसऱ्या कशात बुडायच्या आधी. ओटीत गहू घालायचे की नाही यावर एकदा बायकांत खल झाला. मी म्हटलं, घाला, पदराला लागून काही होत नाही, पोटात गेला तर होते. आणि उपास! उपासाचं ताट म्हणजे माझी पंगत. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, शेंगदाणे, बटाटे, यातल्या कशातच ग्लूटेन नाही. आषाढीला घरभर लोक उपाशी आहोत म्हणून सांगतात आणि मी त्यांच्याबरोबर एकाच पातेल्यातलं पोटभर जेवते.

ज्वारीची मात्र पंचाईत होती. आमच्या गावात जिकडेतिकडे सोयाबीन आहे. सासूबाई सांगतात, त्या नव्या नवरी होत्या तेव्हा ताटात भाकरच असायची, पोळी सणाला. मग सोयाबीनला पैसा दिसला, रेशनवर दोन रुपये किलोनं गहू मिळायला लागला आणि ज्वारी गेली. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं यांनी उरलीसुरली संपवली. कणसावर पाखरं वेगळी. बाजारातल्या ज्वारीत मला निवडताना गव्हाचे दाणे सापडायचे, एकदा मूठभर ज्वारीत चार. म्हणून ह्यांनी २०२३ च्या खरिपात अर्धा एकर ज्वारी पेरली. गावातल्या माणसांनी वेड्यात काढलं. निसवल्यापासून दीड महिना हे रोज रात्री जागलीला जायचे, बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन. एका रात्री डोळा लागला तर रोह्यांनी एक कोपरा साफ केला. शेवटच्या पावसात सापडून थोडी काळी पडली. तरी साडेतीन पोते झाली. हिशेब मांडला तर सोयाबीन परवडलं असतं. ह्यांनी हिशेब मांडला नाही.

आणि चक्की. गावातल्या चक्कीत दिवसभर गहू. दगडात, पीठ पडतं त्या कापडी बाहीत, सगळीकडे गव्हाचं पीठ बसलेलं. चक्कीवाला भला माणूस. सकाळी पहिला नंबर द्यायचा, झाडून घ्यायचा, पहिलं दोन-तीन किलो पीठ मी ढोरांसाठी वेगळं काढायची. तरी कधीतरी बाधायचंच. मग बचत गटातून कर्ज काढून जुनी घरघंटी घेतली. तिच्यात ज्वारी, तांदूळ, डाळी, बस्स. गहू त्या खोलीतही येत नाही, सासूबाई दारात बसलेल्या असतात.

मागच्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू पसाभर राजगिरा आणि शिंगाडे घेऊन आल्या. उपासाचं पीठ चक्कीवर गव्हात दळलं की उपास मोडतो, तुझ्याकडे गहू नसतो, म्हणून आले, म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. घंटीचं झाकण मीच उघडून दिलं. काकूंनी आत वाकून पाहिलं, पदर खोचला आणि कोपऱ्यातला ब्रश उचलून आतलं सगळं पीठ खसाखसा झाडायला लागल्या.

"काकू, त्यात गहू नाही. ज्वारी आहे नुसती."

"म्हनूनच तं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मले उपासाले तुह्या जवारीचा इटाय नाई का होत?"

दारात बसलेल्या सासूबाई आतून कोरडं फडकं आणायला उठल्या.